खिडकीतला पंखा घेण्याआधी

एप्रिल संपत आला की इथल्या दुकानांत बर्फ काढायची फावडी मागे जातात आणि पंख्यांची खोकी पुढे येतात. त्यात एक आडवं, लांबट खोकं असतं. आत खिडकीत बसवायचा जोड-पंखा: एका चौकटीत शेजारी शेजारी दोन छोटे पंखे, दोन्ही कडांना ओढून लांब करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वर बटणं. खोक्यावर रिमोटचं चित्र, थर्मोस्टॅटचा आकडा, हवा आत आणि हवा बाहेर दाखवणारे दोन बाण. किंमत साधारण ४० ते ८० डॉलर. मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या घरांत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी कुटुंबांनी हा पंखा कधी ना कधी घेतला आहे. तो बरीच वर्षं विनातक्रार चालला असं सांगणारं मात्र क्वचितच भेटतं. आमचा दुसऱ्याच उन्हाळ्यात गेला, आणि जाताना घाबरवून गेला. दर मे महिन्यात नव्याने आलेलं कुणीतरी विचारतंच, "कुठला घेऊ?" कंपनीचं नाव सांगून त्याचं उत्तर देता येत नाही. आत काय बघायचं ते सांगता येतं.

आम्ही वूस्टरला थ्री-डेकरच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. लाकडी, एकावर एक तीन बिऱ्हाडांची ही घरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधली गेली. वर सपाट डांबरी छप्पर. जुलैत ते दिवसभर तापतं आणि मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोल्यांत उष्णता सोडत राहतं. बाहेरची हवा मात्र रात्री दहापर्यंत ७० अंश फॅरनहाइटच्या खाली आलेली असते. घरात ८५ आणि भिंतीपलीकडे ६८, अशी परिस्थिती असताना यंत्राने हवा गार करण्याची गरजच नसते. बाहेरची आत आली आणि आतली बाहेर गेली की काम झालं. खिडक्याही तशाच सोयीच्या आहेत. खालची काच वर सरकवायची, मोकळ्या जागेत पंखा ठेवायचा, काच अलगद त्याच्यावर टेकवायची.

पैशाचा हिशोबही साधा आहे. असा पंखा ५०-६० वॉट खातो, म्हणजे रात्रभर चालवला तरी पाऊण युनिट होत नाही. खिडकीतला सगळ्यात छोटा, ५,००० बीटीयूचा एसी चालू असताना साडेचारशे वॉटच्या आसपास घेतो. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात नागपूरहून आई-बाबा येतात. मे महिन्यातलं ४५ अंश सेल्सियस मागे टाकून येतात, तरी एसीच्या खोलीत झोपायला तयार नसतात. आईचे सांधे धरतात. त्यामुळे आमच्या घरात खिडकीतला पंखा ही चैन नाही, त्याच्यावर वडीलधाऱ्यांची झोप अवलंबून आहे. म्हणूनच या वस्तूचा दर्जा इतका हलका असावा याचा मला राग येतो.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या जूनमध्ये डावीकडचा पंखा सुरू होताना कुरकुरू लागला. लो वर ठेवला की नुसती गुणगुण, पाती जागच्या जागी थरथरायची. हाय वर केलं की कशीबशी फिरायची. एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिला जळका वास आला. डावा पंखा थांबलेला, उजवा फिरतोय, आणि डाव्याच्या मागची जाळी हाताला चटका बसेल इतकी तापलेली. लगेच प्लग काढला. सकाळी पुन्हा लावून पाहिला तर डाव्यात गुणगुणसुद्धा नव्हती. कंपनीला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. सुटे भाग विकत नाही, असं उत्तर मिळालं.

बाबांनी तो पंखा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. नागपुरात दरवर्षी होळीच्या आसपास कूलर काढायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप धुवायचा, मोटरला तेल द्यायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. नागपूरचा पत्र्याचा कूलर चार स्क्रू काढले की मोकळा होतो. इथे स्क्रूचं डोकं तिकोनी, त्यासाठी वेगळा पाना आणावा लागला. जाळी प्लास्टिकच्या खुंट्यांनी अडकवलेली; निघताना त्यातल्या दोन तुटल्याच. आत पातींच्या मागे पिवळसर काळा, चिकट थर होता. मे-जूनमधले झाडांचे परागकण आणि आमच्या फोडणीचं तेल, दोन्ही मिळून झालेला. बाबांनी दांडी चिमटीत धरून फिरवली. चांगल्या मोटरची दांडी एकदा फिरवली की थोडा वेळ आपोआप फिरत राहते. ही बोट काढताच थांबली. "बुश कोरडा पडलाय," ते म्हणाले. मग त्यांनी तारांच्या गुंडाळीवरची पिवळी टेप सोडवली. तिच्याखाली तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन पायांचा एक तुकडा होता. मल्टिमीटर लावला, काटा हलला नाही. तो थर्मल फ्यूज होता, आणि तो उडाला होता.

आपल्या हातात जो पंखा येतो त्याचं आयुष्य या दोन वस्तूंत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्वस्त पंख्यांत बहुधा शेडेड पोल जातीची मोटर असते. बनवायला सगळ्यात सोपी, आणि वीज वाया घालवण्यात सगळ्यात पुढे: घेतलेल्या विजेतली पाव-एक जेमतेम फिरण्याच्या कामी येते, बाकीची उष्णता होऊन मोटरमध्येच राहते. दांडी बॉल बेअरिंगवर न बसवता सच्छिद्र पितळी बुशात बसवतात. बुशात तेल मुरवलेलं असतं. तेल दोन-तीन मोसमांत सुकतं, धूळ त्यात मिसळते, दांडी जड होते. जड दांडी फिरवायचा जोर या मोटरमध्ये मुळातच कमी, लो वर तर आणखी कमी. मग ती अडते. अडलेल्या मोटरला वारा लागत नाही आणि ती तापत जाते. ठरलेल्या तापमानाला फ्यूज कायमचा उघडतो आणि पंखा मरतो. तो फ्यूज स्वतःहून पुन्हा जुळणारा नसतो.

त्या रात्री फ्यूजने आपलं काम चोख केलं हे आधी मान्य करायला हवं. तो नसता तर वासावर भागलं नसतं. काही हौशी दुरुस्ती करणारे हा फ्यूज काढून दोन तारा सरळ जोडून देतात. पंखा फिरतो, आणि पुढच्या वेळी मोटर अडली की तिला थांबवणारं काही उरत नाही. हे कुणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी करू नका. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने लास्को कंपनीचे ४८ लाख बॉक्स फॅन आगीच्या धोक्यापायी रिकॉल केल्याचं जाहीर केलं. बिघाड मोटरमधलाच होता. पंखे २००२ ते २००५ च्या दरम्यान बनलेले होते, म्हणजे रिकॉल जाहीर झाला तेव्हा ते घरोघरी कित्येक वर्षं चालत होते. उपाय म्हणून कंपनीने प्लगला लावायचा फ्यूज असलेला ॲडॅप्टर फुकट दिला. जुन्या सामानात, गराज सेलमध्ये असे पंखे अजूनही हाती लागू शकतात. म्हणून मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर आयोगाच्या रिकॉल यादीत तपासल्याशिवाय वापरलेला पंखा घरात आणू नये.

एवढ्या मोठ्या, श्रीमंत देशात ही एक वस्तू अशी का, याचं उत्तर मला आकड्यांत सापडलं. १९६० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या जेमतेम १२ टक्के घरांत एसी होता. तेव्हा खिडकीतला पंखा हे घरातलं मुख्य यंत्र होतं. त्या काळातले पंखे पोलादी चौकटीचे, मोठ्या पातींचे, मोटरला तेल घालायची सोय असलेले असत. २०२० च्या सरकारी ऊर्जा पाहणीत एसी असलेल्या घरांचं प्रमाण ८८ टक्क्यांवर पोचलं होतं. पंख्याचं गिऱ्हाईक म्हणजे आता उरलेली जुनी घरं, भाडेकरू, विद्यार्थी, बिलाला जपणारे लोक. स्पर्धा उरली ती किमतीची, आणि किमतीत पहिली कात्री लागते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या मोटरला. दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे रिमोट आणि आकडे, उलट वाढत गेल्या. इथे छताच्या पंख्याच्या खोक्यावर तो किती हवा हलवतो आणि किती वीज खातो याचं पिवळं लेबल कायद्याने लावावं लागतं. खिडकीतल्या पंख्याला तसं बंधन नाही. आपल्याकडे, भारतात, छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने २८ वॉटचा बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा मध्यमवर्गीय घरांत नेला; साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो. चांगली मोटर बनवणं अवघड नाही. गिऱ्हाइकाला तिची माहिती मागता आली पाहिजे. (तिकडचा पंखा सामानात घालून इकडे आणायचा विचार कुणी करत असेल तर करू नये. तिथे २३० व्होल्ट, इथे १२०.)

आता घ्यायचाच असेल तर. सगळ्यात आधी खिडकी बघा. वर-खाली सरकणारी असेल तरच हे पंखे बसतात. नव्या अपार्टमेंटमध्ये आडवी सरकणारी किंवा हँडलने बाहेर उघडणारी खिडकी असते, तिथे खोकं घरी आणून पस्तावायची वेळ येते. खिडकी उघडल्यावर मोकळी राहणारी रुंदी आणि उंची टेपने मोजून, कागदावर लिहून दुकानात जा.

मग पातींचा व्यास. जोड-पंख्यात बहुधा साडेआठ-नऊ इंची पाती असतात. ९ इंची दोन वर्तुळांचं क्षेत्रफळ मिळून १२७ चौरस इंच होतं. २० इंची एकाच पंख्याचं ३१४. छोट्या पातींना तेवढीच हवा ढकलायला फार जोरात फिरावं लागतं, आणि आवाज येतो तो त्या वेगाचा. रात्री उशाशी चालवायचा असेल तर मोठा आणि संथ पंखा केव्हाही बरा. अडचण एवढीच की साधा बॉक्स फॅन खिडकीत ठेवला आणि पाऊस आला तर मोटर भिजते. खिडकीसाठी म्हणून बनवलेल्या पंख्याची मोटर पाणी सहन करेल अशी बंदिस्त असते. माहितीपत्रकात खिडकीत वापरण्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो पंखा खिडकीपासून आत, स्टुलावर ठेवायचा.

खोकं उचलून बघा. तांबं आणि लोखंड यांना वजन असतं. एकाच आकाराच्या दोन पंख्यांत एक लक्षात येण्याइतका जड असेल तर मी तो घेईन. माहितीपत्रक आधी वाचता आलं तर त्यात बॉल बेअरिंग असा शब्द आहे का ते बघा. असेल तर कंपनी तो लपवत नाही. जाळी काढून पुसता येते का? पुढची जाळी सुटत नसेल तर घेऊच नका, विशेषतः स्वयंपाकघरासाठी. हवा आत-बाहेर करायचं बटण असेल तर आतली मोटर कंडेन्सरवाली असते, कारण शेडेड पोल मोटर बटणाने उलटी फिरवता येत नाही. ती मोटर जरा बऱ्या जातीची, पण दोन्ही दिशांना चालावीत म्हणून पाती सपाट केलेली असतात आणि वारा थोडा कमी लागतो. असा पंखा पुढे कधी गुणगुणत संथ फिरू लागला तर आपल्या छताच्या पंख्यात जो असतो तोच दोष, कंडेन्सर गेलेला. ज्या पंख्याची अख्खी चौकट हाताने उलटी करून लावायची असते तो मला अधिक पटतो. बिघडायला एक गोष्ट कमी.

रिमोट आणि डिजिटल थर्मोस्टॅट यांच्यावर एक डॉलरही जास्त देऊ नये असं माझं मत झालं आहे. खिडकीत दमट हवा येते, पाऊस उडतो, आणि बटणांची नाजूक पट्टी नेमकी तिथेच असते. शिवाय वीज गेली आणि आली तर असे कितीतरी पंखे आपोआप सुरू होत नाहीत. फिरवायच्या खुंटीचा पंखा सुरू होतो. खुंटीवर बंद नंतर आधी हाय आणि शेवटी लो असा जो क्रम असतो तो उगाच नसतो. मोटर आधी पूर्ण जोराने फिरावी आणि मग हळू व्हावी, अशी ती सोय आहे. बटणाचा पंखा असला तरी सवय तीच ठेवा: आधी हाय, अर्ध्या मिनिटाने लो.

घरी आणल्यावर खोकं तळघरात टाकून ठेवू नका. ही गोष्ट फार लोक करतात. सप्टेंबरमध्ये सेलवर घेतात, जूनमध्ये उघडतात, आणि तोपर्यंत परत करायची मुदत गेलेली असते, वॉरंटीही निम्म्याहून अधिक सरलेली असते. मे महिन्यात घ्या आणि थंडी वाजली तरी त्याच आठवड्यात रात्रभर चालवा. पंखा बंद असताना पाती जाळीतून पेन्सिलीने फिरवून किती वेळ फिरत राहतात ते बघा, दोन्ही बाजूंची. एकदा थेट लो वर सुरू करून बघा. नवा असतानाच अडखळत असेल तर पुढे सुधारणार नाही. तासाभराने प्लगला हात लावा. कोमट ठीक, गरम नको. खडखड येत असेल तर पट्ट्यांची की मोटरची ते पट्ट्या हाताने दाबून कळतं. शंका आली की परत करा. पावतीचा फोटो काढून ठेवा, छापील पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात.

इथे कायदाही थोडा मदतीला आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने लेखी वॉरंटी दिली तर ती स्पष्ट शब्दांत द्यावी लागते आणि खरेदीआधी मागितली तर दाखवावी लागते. त्याशिवाय वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला योग्य असली पाहिजे अशी एक न लिहिलेली हमी कायदा धरून चालतो. बऱ्याच राज्यांत दुकानदार ‘आहे तसा माल’ म्हणून ती झटकू शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती वस्तूंच्या बाबतीत ती झटकता येत नाही. कंपनीची मुदत संपली म्हणून इथे सगळं संपत नाही. दुकानदाराकडे लेखी तक्रार करता येते, आणि ती शांतपणे, तारखेनिशी केली की उत्तर येतं. जळका वास, ठिणगी, वितळलेला प्लग असं काही घडलं असेल तर सुरक्षा आयोगाकडेही ऑनलाइन नोंद करा. एखाद्या मॉडेलबद्दल अशा तक्रारी वारंवार आल्या की आयोगाला तिकडे लक्ष देता येतं.

पंखा कुठे लावायचा, यावर त्याच्या दर्जाइतकंच अवलंबून आहे. आमचा आत्ताचा पंखा फार भारी नाही, पण घर गार करतो, कारण तो बाहेर तोंड करून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि रात्री फक्त झोपायच्या खोल्यांच्या सावलीकडच्या खिडक्या चार-चार बोटं उघड्या असतात. बाकी सगळ्या बंद. पंख्याने गरम हवा बाहेर फेकली की तिची जागा घ्यायला गार हवा त्या फटींतूनच आत येते, थेट अंथरुणावर. दोन मजली घर असेल तर वरच्या मजल्यावर बाहेर फेकणारा पंखा आणि खाली उघड्या खिडक्या. पंख्याच्या कडेच्या पट्ट्या आणि चौकट यांत हमखास फट राहते, आणि फेकलेली हवा तिथूनच परत येते. आई एकदा उदबत्ती घेऊन पंख्याच्या चारही कडांनी फिरली तेव्हा ते दिसलं: उजव्या पट्टीजवळ धूर बाहेर जायच्या ऐवजी सरळ घरात वळत होता. हार्डवेअरच्या दुकानात चिकटपट्टीचा फोम मिळतो, तो लावला आणि त्याच पंख्याचा जोर वाढल्यासारखा झाला. घर हजार चौरस फुटांचं आणि आठ फूट उंच धरलं तर आत ८,००० घनफूट हवा असते. मिनिटाला पाचशे घनफूट खरोखर बाहेर टाकणारा पंखा पंधरा-सोळा मिनिटांत ती सगळी बदलतो. भिंती निवायला मात्र काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी बाहेरचा पारा घरातल्या पाऱ्याच्या खाली आला की लगेच सुरू करायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या-पडदे बंद करायचे.

हीच उदबत्ती आणखी एका ठिकाणी न्यावी लागते, आणि ते मी सगळ्यात कळकळीने सांगते. घरात चिमणीवाला गॅसचा वॉटर हीटर असेल आणि खिडक्या बंद ठेवून जोरदार पंखा हवा बाहेर फेकत असेल, तर चिमणीतून वर जाणारा धूर उलटा घरात खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. पंखा चालू ठेवून, हीटर पेटलेला असताना त्याच्या वरच्या झाकणाजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर पंखा बंद करा, खिडक्या सताड उघडा, आणि हीटर तपासून घेतल्याशिवाय तसा पंखा चालवू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ पासून घरात या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. त्याची बॅटरी बघा.

लहान मूल घरात असेल तर पंख्याच्या पट्ट्या किंवा खिडकीची जाळी त्याला अडवतील असं समजू नका. जाळी डास अडवायला आहे. न्यूयॉर्क शहरात दहा वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या अपार्टमेंटमध्ये खिडक्यांना लोखंडी गार्ड लावणं १९७० च्या दशकापासून घरमालकावर बंधनकारक आहे. बाकी ठिकाणी आपल्यालाच मागून घ्यावं लागतं. खिडकीखाली पलंग, खुर्ची ठेवू नये. पंखाही चौकटीला स्क्रूने किंवा ब्रॅकेटने पक्का करा. आमच्या मजल्यावरून तो खाली पडला तर अंगणात मुलं असतात.

पंखा बंद ठेवायचे दिवसही असतात. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर आला आणि दुपारी आकाश नारिंगी झालं. तेव्हा खिडकीतला पंखा म्हणजे धूर घरात ओढणारं यंत्र. आणि उष्णतेची लाट आली असेल, रात्रीही पारा उतरत नसेल, तर वडीलधाऱ्यांना पंख्याच्या भरवशावर ठेवू नका. घरातलं तापमान ९० फॅरनहाइटच्या वर गेलं की फक्त पंख्यावर विसंबू नये असं सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते, कारण तो गरम हवाच अंगावर टाकतो. १९९५ च्या जुलैत शिकागोत सातशेहून अधिक माणसं उष्णतेने गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे फार होते. "आम्ही नागपूरचे, आम्हाला काय होतंय," असं बाबा म्हणतात. त्या दोन-चार दिवसांत मी त्यांचं ऐकत नाही. गावातलं ग्रंथालय गार असतं, तिथे दोघांना घेऊन जाते.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून, जाळी सोडवून, व्हॅक्यूमने धूळ ओढायची. स्वयंपाकघरातला असेल तर पाती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, मोटरला पाणी लागू न देता. दांडीपर्यंत हात पोचत असेल तर मोसमाच्या सुरुवातीला एक-दोन थेंब तेल. थ्री-इन-वनच्या निळ्या डब्यातलं, मोटरसाठीचं एसएई २० घ्यायचं. लाल डब्यातलं काही महिन्यांत चिकट होतं. खोबरेल तर अजिबात नको. पंखा अचानक पूर्ण बंद पडला तर टाकायच्या आधी प्लग बघा. बऱ्याच प्लगना एक सरकती खिडकी असते, आत काचेचा छोटा फ्यूज. जास्तीचा एक बरोबर दिलेला असतो. तो बदलून चालला तर छान. तोही उडाला तर मोटरमध्ये दोष आहे, तिसरा आणू नका. पुष्कळ गावांत ग्रंथालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये रिपेअर कॅफे भरतात. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला मार्टिने पोस्टमा या बाईंनी सुरू केलेली ही कल्पना इथेही रुजली आहे. तिथे जाणकार माणसं आपल्यासमोर पंखा उघडून बघतात, आणि पैसे घेत नाहीत.

जळका वास आलेला पंखा मात्र दुरुस्त करत बसू नका आणि रस्त्याच्या कडेला तसाच ठेवू नका. बॉस्टनमध्ये १ सप्टेंबरला जणू निम्म्या शहराची घरं बदलतात. तिथल्या ऑलस्टन भागातल्या फुटपाथवर गाद्या, टेबलं, दिवे, पंखे यांचे ढीग लागतात, आणि नुकतीच विमानातून उतरलेली आपली मुलं त्यातून संसार उभा करतात. चांगलं आहे ते त्यांनी जरूर उचलावं. आमच्या पंख्याची वायर बाबांनी पकडीने मुळाशी कापली, प्लगचा तुकडा वेगळ्या पिशवीत टाकला आणि चौकटीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: मोटर जळाली आहे, वापरू नका. इंग्रजीत आणि मराठीत.